सीमारेषेचे वास्तव : प्राणिप्रदेशांच्या नकाशाविषयी काही प्रश्न

बाली आणि लोंबोक या बेटांना विभागणारी सामुद्रधुनी सुमारे 35 किलोमीटर रुंद आहे. 1856 च्या जूनमध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज संग्राहक बालीवरून लोंबोकला गेला, तेव्हा एवढ्या अल्प अंतरात पक्षिसृष्टी पालटल्याचे त्याच्या ध्यानात आले. बालीवर तांबट, सुतार असे आशियाई परिचयाचे पक्षी होते. लोंबोकवर ते त्याला आढळले नाहीत. तेथे काकाकुवे होते आणि पालापाचोळ्याचे ढीग रचून त्यांत अंडी घालणारे ऑस्ट्रेलियन कुळातले पक्षी होते. हवामान आणि भूरचना यांत तर या फरकाचे कारण सापडण्यासारखे नव्हते. पुढे 1863 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशावर त्याने या सामुद्रधुनीतून एक तांबडी रेषा ओढली, आणि 1868 मध्ये थॉमस हक्स्लीने तिला वॉलेसचे नाव दिले. प्राणिभूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून ही हकीकत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यातला तात्त्विक प्रश्न झिजून गुळगुळीत झाला आहे. ती रेषा त्या पाण्यात आधीपासून होती आणि वॉलेसला ती दिसली, की त्याने ती ओढली म्हणून ती अस्तित्वात आली?

हा प्रश्न प्राणिशास्त्रापुरता राहत नाही. ज्याला म्हणून एखाद्या विस्तीर्ण आणि सलग क्षेत्राचे भाग पाडावे लागतात, त्या प्रत्येकाला तो गाठतो. मराठी वाङ्मयेतिहासकारांनी प्राचीन कवितेचे संत, पंत आणि तंत असे तीन भाग पाडले, तेव्हा त्यांच्यापुढेही तो होताच. फक्त यमकाच्या सोयीने तो झाकला गेला. तेव्हा प्राणिप्रदेशांच्या नकाशाचा इतिहास हा वर्गीकरणाच्या ज्ञानशास्त्राचा एक विलक्षण स्वच्छ नमुना म्हणून वाचता येतो. त्यात मोजता येण्याजोगी सामग्री आहे, एकमेकांना विरोधी सिद्धान्त आहेत आणि, जे सहसा ध्यानात घेतले जात नाही, एक नैतिक इतिहासही आहे.

या नकाशाची पहिली सुस्पष्ट मांडणी वॉलेसची नव्हे. फिलिप लटली स्क्लेटर या पक्षिविदाने 1858 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पक्ष्यांच्या वसतिस्थानांवरून पृथ्वीचे सहा प्रदेश पाडले. अक्षांश-रेखांशांवरून किंवा राज्यांच्या सीमांवरून केलेले विभाग निसर्गाशी विसंगत असतात, प्राण्यांवरूनच प्राण्यांचा भूगोल ठरवला पाहिजे, ही त्याची भूमिका होती. मात्र प्रत्येक जाती आज जेथे आढळते तेथेच ती निर्माण झाली, असे स्क्लेटर मानत होता. वॉलेस त्याच वर्षी नैसर्गिक निवडीच्या तत्त्वाचा सहप्रणेता म्हणून पुढे आला, आणि 1876 मध्ये प्राण्यांच्या भौगोलिक वितरणावरील दोन खंडांचा ग्रंथ लिहिताना त्याने स्क्लेटरचे सहाही प्रदेश थोड्याफार फेरफारांनिशी स्वीकारले. ज्या सीमा एकाने स्वतंत्र निर्मितीची केंद्रे म्हणून आखल्या होत्या, त्याच सीमा दुसऱ्याने स्थलांतर, अडथळे आणि वंशभेद यांची फलिते म्हणून वाचल्या.

यावरून वास्तववादी भूमिका घेणाऱ्याला एक बळकट युक्तिवाद करता येतो. परस्परविरोधी सिद्धान्त बाळगणारी दोन माणसे जर एकाच ठिकाणी रेषा ओढत असतील, तर ती रेषा त्यांच्या सिद्धान्तांतून आलेली नसणार. ती जगातच असली पाहिजे. या युक्तिवादाची ताकद नाकारण्याचे कारण नाही. पण त्याची मर्यादाही पाहिली पाहिजे. दोघांचे सिद्धान्त वेगळे असले तरी त्यांची सामग्री एकाच यंत्रणेतून आलेली होती. पक्ष्यांची सोललेली कातडी, युरोपातील संग्रहालये, वसाहतींच्या बंदरांमधून जाणारी जहाजे, आणि वॉलेसच्या बाबतीत अली या सारावाकच्या तरुणासारखे साहाय्यक, ज्याने मारलेल्या आणि सोललेल्या पक्ष्यांवाचून तो संग्रह उभाच राहिला नसता. शिवाय दोघांनी काय मोजले, तर प्रामुख्याने पक्षी आणि सस्तन प्राणी. वनस्पतींच्या बाबतीत वॉलेस रेषा पुष्कळच फिकी पडते, कारण बिया वाऱ्यावर आणि पाण्यावर जातात. एकमत झाले खरे, पण ते कशाविषयी झाले हे आधीच निवडले गेले होते.

स्वतः वॉलेस या बाबतीत त्याच्या अनुयायांपेक्षा सावध होता. 1876 च्या ग्रंथात त्याने निर्दोष विभागणी अशक्यच असल्याचे मान्य केले, आणि सोय, सुबोधता व रूढी यांनाही प्रदेश ठरवण्यात मोठे स्थान दिले. नंतरच्या लोकांनी त्याची रेषा घेतली आणि ही कबुली मागे ठेवली, हा वैचारिक इतिहासातला नेहमीचाच प्रकार आहे. सुलावेसी बेटाने तर त्याला अखेरपर्यंत छळले. ते त्याने प्रथम ऑस्ट्रेलियन बाजूस ठेवले होते. 1910 मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, आशियाई बाजूस घेतले. त्याच्या रेषेशेजारी तोवर इतरांच्या रेषा उमटू लागल्या होत्या: लिडेकरची, वेबरची, हक्स्लीने सुधारलेली. इतक्या रेषांच्या गर्दीतून शेवटी 'वॉलेसिया' नावाचा एक पट्टाच निघाला, जो धड इकडचा नाही आणि धड तिकडचाही नाही. अमेरिकन पुराजीवशास्त्रज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सनने 1977 मध्ये या विषयावर लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच रेषा फार झाल्याची तक्रार आहे.

रेषा फार होणे ही निव्वळ तांत्रिक अडचण आहे काय? येथे न्याय-वैशेषिक परंपरेतील एक भेद उपयोगी पडतो. सर्व गाईंमध्ये असणारे गोत्व ही 'जाती', म्हणजे वस्तूंच्या ठायी खरोखर असणारे सामान्य. उलट आचार्यत्वासारखा, बाहेरून लागलेला धर्म ही 'उपाधी'. उपाधी खोटी नसते, व्यवहारात ती चालते; पण तिच्यामागे जगातला स्वतंत्र पदार्थ मानण्याची गरज नसते. एखादा धर्म जाती ठरण्याच्या आड काय काय येते याची यादी उदयनाचार्यांनी दिली आहे, आणि तीत एक बाधक 'संकर' हे आहे. दोन धर्म काही ठिकाणी एकत्र आढळतात, काही ठिकाणी पहिला असतो पण दुसरा नसतो, काही ठिकाणी दुसरा असतो पण पहिला नसतो. अशा वेळी ते दोन्ही धर्म खऱ्या जाती असू शकत नाहीत. भूतत्व आणि मूर्तत्व हे याचे नेहमीचे उदाहरण. पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चारांत दोन्ही आहेत. आकाशात फक्त भूतत्व आहे आणि मनात फक्त मूर्तत्व. थोडक्यात, खऱ्या सामान्यांनी एकमेकांच्या पूर्णपणे आत तरी असावे किंवा पूर्णपणे बाहेर तरी असावे, अशी ही अट आहे.

(मराठीने या ठिकाणी वाचकाला चकवण्याची सोयही करून ठेवली आहे. नैयायिकांची जाती, जीवशास्त्राची जाती आणि समाजातील जात यांना एकच शब्द आहे, आणि संकर हा शब्द तर धर्मशास्त्रातून वर्णसंकराचे सगळे भय बरोबर घेऊन येतो. तर्कशास्त्रातील संकर हा दोन धर्मांमधील संबंध आहे, पाप नव्हे. तरीही ही शब्दसंगती निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, हे पुढे दिसेल.)

आता ही अट प्राणिसृष्टीला लावून पाहावी. उत्क्रांतीचा वंशवृक्ष तिची उत्तम पूर्तता करतो. वाघ मार्जारकुळात, मार्जारकुळ मांसभक्षक गणात, तो गण सस्तन वर्गात. लहान पेटी मोठ्या पेटीत आणि ती त्याहून मोठीत, असे हे सगळे बसते. निदान प्राण्यांमध्ये, फांद्या एकदा फुटल्या की त्या सहसा पुन्हा जुळत नाहीत. वसतिप्रदेशांचे मात्र तसे नाही. एका प्राण्याचा प्रदेश दुसऱ्याच्या प्रदेशावर अर्धामुर्धा पसरतो आणि दोघांचेही थोडे थोडे बाहेर उरते. वृक्ष संकरमुक्त आहे, नकाशा संकरानेच भरलेला आहे. वॉलेसिया हे या संकराचे भौगोलिक नाव म्हणता येईल.

2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात बेन होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वॉलेसच्या नकाशाची जी सुधारित आवृत्ती प्रसिद्ध केली, तिचे तात्त्विक महत्त्व या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. उभयचर, पक्षी आणि सस्तन मिळून 21,037 जातींचे वितरण घेऊन त्यांनी पृथ्वीचे चौकोन पाडले आणि प्रत्येक दोन चौकोनांमधील अंतर मोजले. हे अंतर केवळ समान जातींच्या संख्येवरून मोजलेले नव्हते. त्यात वंशवृक्षाच्या फांद्यांची लांबी धरलेली होती. दोन ठिकाणी एकही जाती समान नसेल, पण दोन्हीकडच्या जाती अलीकडेच वेगळ्या झालेली भावंडे असतील, तर ती ठिकाणे जवळची. दोहोंमधील नाते कोट्यवधी वर्षे मागे जात असेल, तर दूरची. एखादे ठिकाण केवळ दरिद्री असल्यामुळे वेगळे भासू नये याचीही काळजी मोजमापाच्या सूत्रात घेतलेली आहे. या रीतीने 20 प्रदेश आणि त्यांच्यावर 11 महाप्रदेश मिळाले. मादागास्कर, पनामा, सहारा-अरबस्तान, चीन-जपान आणि ओशियानिया यांना स्वतंत्र दर्जा मिळाला. जुने सहा थोडेफार आक्रसून टिकले.

वंशवृक्षाला नकाशात उतरवण्याची ही कल्पना मोठी आहे यात शंका नाही. स्क्लेटरला केवळ 'कोण कोठे' एवढेच विचारता येत होते, या नकाशाला 'कोण कोणाचा' हेही विचारता येते. पण येथेच एक सूक्ष्म घसरण होते. चौकोनांमधील अंतरांवरून प्रदेश बनवताना सर्वांत जवळचे दोन चौकोन जोडले जातात, मग त्या जोडीला तिसरा, असे करत शेवटी सगळी पृथ्वी एका मुळाशी येते. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की तिच्यापुढे कोणतीही सामग्री ठेवली तरी तिच्यातून वृक्षच निघतो. सामग्रीत पेटीत पेटी अशी रचना असो वा नसो, उत्तरात ती असतेच. प्राण्यांच्या वंशवृक्षामागे प्रत्यक्ष घडलेला इतिहास आहे. चौकोनांच्या वृक्षामागे गणिती कृती आहे. पहिल्याची प्रतिष्ठा नकळत दुसऱ्याला मिळते, आणि संकर निकालात निघाल्यासारखा वाटतो, वस्तुतः तो सरासरीत मुरलेला असतो. तो वृक्ष कोणत्या उंचीवर छेदायचा हेही ठरवावे लागते. त्यासाठी निकष असतात, पण निकष निवडणारा कोणीतरी असतोच. त्याच नियतकालिकात त्याच वर्षी होल्गर क्रेफ्ट आणि वॉल्टर येट्स यांनी या सीमांकनावर पद्धतीविषयक आक्षेप घेतले. वाद प्राणिशास्त्रज्ञांचा होता, पण एखाद्या नैयायिकाला तो परका वाटला नसता.

तरी सर्व सीमा कल्पित आहेत, असे म्हणून हा प्रश्न सोडवता येणार नाही. गेल्या काही दशकांत समीक्षेने रचितवादाची जी सवय लावून घेतली आहे, तिला सह्याद्रीतला एक बेडूक चांगले उत्तर देतो. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्यूट यांनी 2003 मध्ये केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील ज्या जांभळ्या, निमुळत्या नाकाच्या बेडकाचे वर्णन केले, त्याचे 'नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस' हे नाव संस्कृत नासिकेवरून आलेले आहे. वर्षातला बहुतेक काळ तो भूमिगत असतो. त्याच्या कुळाबाहेरचे सर्वांत जवळचे हयात नातलग तमिळनाडूत नाहीत, श्रीलंकेत नाहीत. ते सेशल्स बेटांवर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा वाहत होता त्या सुमारास, सेशल्सचा भूखंड भारतापासून तुटला. हा वियोग कोणी आखलेला नाही. कोणतीही भाषा बोलणारा, कोणत्याही संग्रहालयात बसणारा संशोधक त्या दोन कुळांच्या अंतरंगात तोच वियोग वाचेल.

मात्र नकाशावर या बेडकाचे काय होते? तो ज्या चौकोनात राहतो त्यात शेकडो पक्षी आणि सस्तन प्राणी आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची नाती ईशान्येकडे, ब्रह्मदेश-मलायाकडे जातात. सह्याद्रीतल्या मलायी साम्यांनी सुंदरलाल होरा यांनाही बुचकळ्यात टाकले होते. 1949 मध्ये त्यांनी सातपुड्याच्या मार्गाने हे प्राणी पश्चिमेकडे आले असावेत असे गृहीतक मांडले, जे पुढे वादग्रस्त ठरले. बहुसंख्यांच्या नात्यांमुळे तो चौकोन 'ओरिएंटल' महाप्रदेशात पडतो, आणि बेडकाची प्राचीन साक्ष मतमोजणीत हरते. एकाच डोंगरावर गोंडवनाचा काळ आणि मलायी आगमनाचा काळ एकमेकांवर रचलेले आहेत. सपाट रंग भरणाऱ्या नकाशाला त्यांतला एकच निवडावा लागतो. फ्रँको मोरेत्तीने 2005 मध्ये आलेख, नकाशे आणि वृक्ष ही तीन साधने वाङ्मयेतिहासात आणली, तेव्हा संस्कृतीच्या वृक्षाच्या फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळतात, ही मानवशास्त्रज्ञ क्रोबरची सूचना त्याला विचारात घ्यावी लागली. सोलापूरचा रामजोशी पुराणिकाच्या घरातला, संस्कृत जाणणारा आणि तरीही लावणी लिहिणारा. तो पंतांत की तंतांत? वाङ्मयात असा संकर हा नियमच असतो, आणि बेडकाच्या उलट, तेथे तोडून दाखवता येईल अशी भूखंडाची कडही नसते. देशीवादाच्या चर्चेत साहित्याचे 'भूमी'शी नाते सांगताना जीवशास्त्राची रूपके वापरायची असतील, तर हा भेद नजरेआड करून चालणार नाही.

महाप्रदेशाच्या नावाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. स्क्लेटरचा 'इंडियन' प्रदेश वॉलेसने 'ओरिएंटल' केला, आणि एडवर्ड सैद यांच्या 1978 च्या ग्रंथानंतर पस्तीस वर्षांनी आलेल्या नकाशातही ते नाव तसेच आहे. पूर्वेचा प्रदेश, तो कोणाच्या पूर्वेचा? तथापि नावापुरते अडून बसणे सोपे आहे. याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे.

1854 मध्ये फिलाडेल्फियात जोसाया नॉट आणि जॉर्ज ग्लिडन यांनी मानववंशांवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. नॉट हा अलाबामातला डॉक्टर आणि गुलामांचा मालक होता. या ग्रंथासाठी हार्वर्डच्या लुई आगासीझने एक निबंध लिहिला व त्याला नकाशा जोडला. प्राणिसृष्टीचे नैसर्गिक प्रांत आणि मानवाचे निरनिराळे प्रकार यांच्या सीमा जुळतात, तेव्हा मानववंशही आपापल्या ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले, असे त्याचे प्रतिपादन होते. एकाच मानवजातीच्या कल्पनेविरुद्ध प्राणिभूगोल साक्षीदार म्हणून उभा करण्यात आला, आणि तेही गुलामगिरीचा वाद अमेरिकेत शिगेला पोचला असताना. स्क्लेटरच्या 1858 च्या निबंधातही, प्राणिप्रदेश आणि मानवप्रकार यांच्या सीमा जुळल्या तर हाच निष्कर्ष अटळ ठरेल, असे सुचवलेले आहे. प्राणिप्रदेशांच्या आधुनिक नकाशाच्या जन्मपत्रिकेतच हे घर आहे.

वॉलेसने पूर्वेच्या द्वीपसमूहात मानववंशांचीही रेषा ओढली. मलायी आणि पापुआई यांना तो मूलतः भिन्न मानत होता, त्यामुळे त्याला या दोषातून मोकळे करता येत नाही. परंतु त्याची मानवी रेषा प्राण्यांच्या रेषेवर बसली नाही. ती बरीच पूर्वेला गेली, आणि माणसे समुद्र ओलांडतात हे त्याचे कारणही त्याने दिले. आगासीझला ज्या जुळणीची गरज होती, ती क्षेत्रात हिंडणाऱ्या माणसाच्या हाती लागली नाही. वर्गीकरणातील नैतिक चूक अनेकदा रेषा ओढण्यात नसते. एका निकषाने ओढलेली रेषा दुसऱ्या निकषाचे काम करील असे गृहीत धरण्यात ती असते. मराठी वाचकाला 'जाती' या एकाच शब्दाच्या तीन अर्थांमधली ही उडी वेगळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आजच्या नकाशात माणूस नाही, हे बरेच झाले. पण त्याचे नसणेही तपासावे लागते. अशा नकाशांसाठी जातींचे 'मूळ' वसतिप्रदेश घेतले जातात. माणसाने नेऊन सोडलेले प्राणी वगळले जातात. ज्यांना माणसाने संपवले ते आजच्या वितरणात आपोआपच येत नाहीत. न्यूझीलंडचे मोआ नाहीत, मादागास्करचे प्रचंड लेमूर नाहीत. निसर्गाची म्हणून जी कड दिसते, तीत काही ठिकाणी बंदुकीने आणि कुऱ्हाडीने कातरलेला भागही असतो. आणि मूळ कोणते हे ठरवण्यासाठी काळाचा एक बिंदू निवडावा लागतो. डिंगो ऑस्ट्रेलियात काही हजार वर्षांपूर्वी माणसाबरोबर आला, तो कोठला?

हा प्रश्न भारतात न्यायालयापर्यंत गेला आहे. चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे 1952 मध्ये जाहीर झाले. आशियाई चित्ते इराणमध्ये अगदी थोडे उरले होते, म्हणून आफ्रिकी चित्ते मध्य प्रदेशातील कुनोत आणण्याची योजना निघाली. होल्ट यांचा नकाशा आला त्याच वर्षी, 2013 च्या एप्रिलमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. आफ्रिकी चित्ता या भूमीवर कधीच नव्हता, हा त्यामागील एक विचार होता. जाती एकच, उपजाती वेगळी. वंशवृक्षाच्या लांबीने मोजले तर हे अंतर इतके अल्प आहे की त्या नकाशाच्या सूत्राला ते जाणवणारही नाही. उलट इतिहासाच्या निकषाने ते निर्णायक ठरू शकते. दोहोंपैकी कोणते मोजमाप खरे, हा प्रश्नच चुकीचा आहे. चित्ता परत आणण्याचा हेतू काय, गवताळ रानातली त्याची जागा भरणे की हरवलेला वंश पुन्हा उभा करणे, हे आधी ठरल्यावाचून 'इथला' या शब्दाला अर्थ येत नाही. 2020 मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून आठ चित्ते कुनोत पोचले.

2013 च्या त्याच निकालात आणखी एक आदेश होता. गीरचे सिंह एकाच ठिकाणी असल्याने साथीच्या रोगाने त्यांचा एकदम नाश होऊ शकतो, म्हणून त्यांतील काही सहा महिन्यांच्या आत कुनोत हलवावेत, असे न्यायालयाने सांगितले होते. या सिंहांच्या भारतीयत्वाविषयी कोणालाही शंका नव्हती. वंश, भूमी, इतिहास यांपैकी कोणत्याही निकषावर ते गीरइतकेच कुनोचेही ठरले असते. गुजरात राज्याने त्यांना आपले मानले आणि ते हलवण्यात आले नाहीत. राज्यांच्या ज्या सीमा प्राणिभूगोलातून काढून टाकण्यासाठी स्क्लेटरने लेखणी उचलली होती, त्यांपैकीच एका सीमेने ही रेषा आखली आहे.